आक्कांचा तळवा आणि जीपचा डॅशबोर्ड

डॅशबोर्ड हा गाडीचा भाग नसून घरातली फळी आहे, असं माझं पंचवीस वर्षांच्या कामानंतरचं प्रामाणिक मत आहे. गाडी बनवणाऱ्याने तो काटे आणि बटणं बसवायला दिलेला असतो, आपले लोक त्यावर संसार मांडतात. देव, नारळ, सुकलेला हार, तंबाखूची पुडी, मागच्या वर्षीची लग्नपत्रिका, लाइट बिल, डोकेदुखीचा बाम. जीपमधून प्रवासी वाहणाऱ्या एका वडापवाल्याच्या डॅशबोर्डवर मला दाढीचा साबण आणि ब्रश सापडला होता. विचारलं तर म्हणाला, "प्याशिंजर भरंस्तवर काय करू मग, वहिनी?"

दौंडला आमचं कुशन वर्क्स होतं. कुशन वर्क्स म्हणजे गाड्यांच्या सीटा भरणं, जीपचं हूड शिवणं, दरवाजांची पॅडं, छताचं अस्तर आणि डॅशबोर्ड. थोडक्यात, गाडीला माणसाचं अंग जिथं जिथं लागतं तिथलं सगळं काम आमचं. इंजिन बिघडलं तर माणूस मेकॅनिककडे पळतो. आमच्याकडे मात्र अगदी निवांत येतो, आणि आल्यावर त्याला काम कालच हवं असतं.

दुकान मूळचं माझ्या मिस्टरांचं. ते कुरकुंभच्या एका कंपनीत कायम झाले, तिन्ही पाळ्या सुरू झाल्या, तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. मी म्हटलं, मी चालवते. माझं माहेर शिरूरचं. वडील ताडपत्र्या आणि सीट कव्हरं शिवायचे आणि सुईत दोरा ओवता यायला लागल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसलेली. मिस्टर म्हणाले, "पण गाडीखाली शिरावं लागतं." मी म्हटलं, "शिरेन." दुसऱ्या दिवसापासून साडीच्या आत त्यांची जुनी पँट आणि वरून कंपनीचा जुना शर्ट, असा माझा गणवेश ठरला. डॅशबोर्डचे स्क्रू खालून असतात. सीट काढून, पाठीवर झोपून, डोकं पेडलपाशी आणि पाय बाहेर अशा अवस्थेत मी आयुष्याची बरीच वर्षं काढली. सुरुवातीला रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. मग त्यांनाही सवय झाली.

गिऱ्हाइकांना मात्र वेळ लागला. "मिस्त्री कुठायत?" "मीच." असं म्हटलं की तो माणूस हमखास माझ्या खांद्यावरून मागं बघायचा, जणू खरा मिस्त्री मागे लपवून ठेवलाय.

डॅशबोर्डच्या कामाचे आमचे काही नियम होते. पहिला म्हणजे, देव मालकानेच उचलायचा. आम्ही बौद्ध, आमच्या दुकानात फळीवर बुद्धमूर्ती. मालकाने देव उचलून दिला की मी तो स्टीलच्या ताटलीत ठेवून त्याच फळीवर ठेवायची. एकदा दोन जीपांचे दोन मारुती एकाच ताटलीत राहिले आणि मी अदलाबदल करून दिले. दोघेही मालक दुसऱ्या दिवशी हजर. एकाची गाडी ओढत नव्हती आणि दुसऱ्याची, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, "निस्ती भडकल्यागत पळती." तेव्हापासून मी प्रत्येक देवाला गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधू लागले.

आणि चुका? चुकाही केल्या. अगदी पहिल्या वर्षी एका शिक्षकांच्या जुन्या जीपला मी पुठ्ठ्याचे थर चिकटवून डॅशबोर्ड तयार केला होता. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. वडील खळीत नेहमी मोरचूद घालायचे, म्हणजे किडे-उंदीर लागत नाहीत. पण माझी मुलगी तेव्हा दुकानात रांगायची, दिसेल ते तोंडात घालायची, म्हणून मी मोरचूद घातला नाही. जीप रात्रभर ज्वारीच्या कणग्यांशेजारी उभी राहायची. पंधरा दिवसांनी गुरुजी आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा डॅशबोर्ड चविष्ट निघाला." उंदरांनी निम्मा डॅशबोर्ड आणि तोंडी लावायला दोन वायरी खाल्ल्या होत्या.

ही चूक मी हसत सांगते. दुसरी एक आहे, ती सांगताना अजून अवघडते. तीच लिहायला बसले आहे.

नव्वदचं दशक संपत आलेलं. रांजणगावच्या कंपन्यांच्या बसेसच्या सीटा आमच्याकडे यायला लागल्या होत्या, हातात काम भरपूर होतं आणि डोक्यात थोडी हवाही गेली होती. एका सकाळी दुकानासमोर एक जुनी जीप थांबली. लष्करातून लिलावात निघालेली, चौकोनी तोंडाची, हिरव्या रंगावर तीन वेळा दुसरे रंग बसलेले. चालवणारे सत्तरीचे, धोतर-टोपीतले गृहस्थ. खुटबावचे शेतकरी, शेवंती आणि भाजीपाला करणारे. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे, मीही म्हणू लागले. शेजारी त्यांच्या पत्नी बसलेल्या. त्या उतरल्या नाहीत.

"हितं डॅशबोर्डचं काम करत्यात न्हवं?"

"हो. दाखवा."

"मिस्त्री?"

"मीच."

आप्पांनी माझ्या मागं बघितलं नाही. "म्हंजी बरंच झालं," एवढंच म्हणाले आणि जीपकडे वळले. ही गोष्ट लहान आहे, पण ती मी विसरलेली नाही. त्या काळात असं म्हणणारे फार थोडे होते.

या जीपचा मूळ डॅशबोर्ड पत्र्याचा. त्यावर आधीच्या कुणा हौशी मालकाने फायबरचं कव्हर बसवलेलं. उन्हाने ते ठिसूळ झालं होतं आणि कप्प्याच्या कोपऱ्यातून डाव्या टोकापर्यंत वीतभर तडा गेला होता. तडा नेहमी कोपऱ्यातूनच सुरू होतो. कारण सगळा ताण तिथं गोळा होतो आणि जीपला तर हादरे बसण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो.

"वीतभर तडा त्यो," आप्पा म्हणाले. "मला त्याचं कायबी न्हवतं. पर हिचा हात बघ."

आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, उजवा हात पुढे केला. तळव्यावर पाच-सहा काळेनिळे डाग होते. गाडी हलली की तडा उघडायचा आणि मिटायचा, आणि मिटताना चिमटा घ्यायचा.

"मग हात दुसरीकडे ठेवायचा, आक्का," मी म्हटलं.

"मला दिसत न्हाई गं," आक्का म्हणाल्या. आवाजात कसलीही कुरकुर नव्हती. "हात ठेवल्याबिगर गाडी कुठं हाय ते कळत न्हाई."

आप्पांनी मग सांगितलं. काचबिंदूने डोळे जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात त्यांना चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं ठाऊक होतं, पण घराबाहेर जीव घाबरा व्हायचा. एस.टी.त बसल्या की कुठं चाललोय ते कळायचं नाही, उलट्या व्हायच्या. फक्त या जीपमध्ये त्या बसायच्या, डॅशबोर्डवर तळवा ठेवून. दिसत होतं तेव्हा वीस वर्षं फुलांच्या पाट्या घेऊन त्या याच जीपमधून आप्पांसोबत बाजाराला गेल्या होत्या. सगळे रस्ते त्यांच्या अंगात होते. डांबर कुठं संपतं, फाटक कुठं येतं, कालव्याचा पूल कुठं, हे हाताला कळायचं.

"आन् आता तर शिरूरला जायचं हाय," आप्पा म्हणाले. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं होतं. डॉक्टरांनी हलवू नका म्हटल्यामुळे बाळंतपण माहेरी न होता शिरूरलाच झालेलं. आठ दिवसांवर बारसं. "हिनं नातीला अजून हात लावला न्हाई. गाडीत हाताला फडकं गुंडाळून बसून बघितलं हिनं, तर फडक्यातनं काय कळत न्हाई म्हणती."

फडक्यातून कळत नाही. हे वाक्य मी माझ्या दोन्ही कानांनी ऐकलं.

निघताना आक्का म्हणाल्या, "लई काय करू नगं. निस्ता चिमटा बंद कर."

आता आमच्या धंद्यात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक "जास्त काही करू नका" असंच म्हणतं. त्याचा अर्थ खर्च कमी ठेवा, एवढाच असतो आणि काम सुंदर झालं की तेच गिऱ्हाईक खूश होतं. मी आक्कांचं बोलणं त्याच खात्यात टाकलं. मनात म्हटलं, म्हातारीच्या हाताला इतके डाग पडलेत, असं काम करून देते की पुन्हा कधी नाव काढायला नको.

चार दिवस मी त्या डॅशबोर्डवर खपले. तडा जिथं संपतो तिथं आधी बारीक भोक पाडायचं असतं. तडा अडवायला भोक, हे ऐकायला उलटं वाटतं, पण गोल भोकापाशी तड्याला पुढं जायला जागा मिळत नाही. मग तड्याच्या कडा घासून खोलगट करायच्या आणि मागून फायबरची जाळी रसायनात भिजवून चिकटवायची. दिवसभर सुकू द्यायची. पुढून लांबीचा लगदा भरायचा आणि पॉलिश पेपरने घासायचं, हात फिरवला तर कुठं काही झालं होतं हे कळू नये इतकं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. इथं मी थांबले असते तर हा लेखही झाला नसता.

पण मी वरून अर्धा इंच फोम घातला. त्यावर काळं, मऊ रेक्झिन ताणून बसवलं, कडेने दुहेरी शिलाई मारली. पुन्हा तडा जाऊ नये म्हणून कव्हर आणि पत्रा यांच्या मध्ये प्रत्येक स्क्रूखाली जाड रबर टाकलं, म्हणजे हादरे वरपर्यंत येणारच नाहीत. डॅशबोर्ड असा झाला की नव्या मोटारीला लाज वाटावी. शेजारचा बॅटरीवाला येऊन बघून गेला. मिस्टर पहिल्या पाळीवरून आले, त्यांनी बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "आपल्या सोफ्यालाही असं कर की."

आप्पा न्यायला आले तेव्हा आक्का सोबत होत्या. त्यांनी बसून तळवा ठेवला, थोडा पुढे सरकवला, मागे घेतला.

"लई मऊ हाय," म्हणाल्या.

मी ते कौतुक समजले. चहा मागवला.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी आप्पा एकटेच आले. मी हातातलं काम टाकून पुढं झाले, म्हटलं पेढे आणले असतील. ते बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पोरी, काम झ्याक केलंस तू. ह्यात बोलायला जागा न्हाई. पर हिला गाडी कळंना."

झालं होतं असं की नवं लुगडं नेसून, बाळाची कुंची आणि झबली घेऊन दोघं शिरूरला निघाले. चौफुला येण्याआधीच आक्का दोन्ही हातांनी डॅशबोर्ड चाचपायला लागल्या. कुठं आलो, विचारायला लागल्या. आप्पांनी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. समोरून ट्रक गेला तेव्हा त्या किंचाळल्या, त्यांना वाटलं गाडी रस्ता सोडून चाललीय. आप्पांनी जीप कडेला घेतली, पाणी पाजलं, समजावलं. पण त्या अंग चोरून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, घरी न्या. आजीशिवाय बारसं झालं.

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला आधी राग आला. खरं सांगायचं तर मी मनात म्हणाले, एवढं जीव तोडून काम केलं आणि यांना मऊ टोचतंय! तोंडाने एवढंच म्हटलं, "आप्पा, जुनं होतं तसं आता होणार नाही." ते उठले. टोपी घातली आणि म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाई गं. तुला सांगायला नगं का, म्हणून आलो." आणि गेले. ते भांडले असते तर मीही भांडले असते, हिशेब सरळ झाला असता. त्यांच्या त्या वाक्याने माझी दोन दिवस झोप उडवली.

संध्याकाळी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते जेवताना कमी बोलतात. शेवटचा घास घेऊन म्हणाले, "त्यांचा हात डॅशबोर्डवर कशाला असतो, हे तू त्यांना विचारलंस का?"

"त्यांनी सांगितलंच होतं."

"मग तू ऐकलंस का?"

तिसऱ्या दिवशी मी पॅसेंजर गाडीने खुटबावला गेले. सोबत पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पातं, पॉलिश पेपर. आक्का ओसरीवर बसून शेवंतीची प्रतवारी करत होत्या. मोठं फूल एका पाटीत, लहान दुसऱ्या, दांडी मोडलेलं तिसऱ्या, आणि हे सगळं नुसत्या बोटांनी. मी बघत राहिले. माझ्या हातांचं मला फार कौतुक होतं, पण या हातांसमोर ते अगदी बोथट होते.

"आक्का, मी दौंडची, डॅशबोर्डवाली. माझं चुकलं."

"चुकलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तू मऊ केलंस. माझ्याच हाताच्या काळजीनं केलंस न्हवं? बस. च्या घे."

त्या माउलीने मला माफी मागायचीसुद्धा अडचण ठेवली नाही. मी मात्र तिथं बसून रडले आणि मला त्याची लाज वाटत नाही.

चहा झाल्यावर मी अंगणात जीपमध्ये शिरले आणि कव्हर काढलं. आप्पांना इंजिन चालू ठेवायला सांगितलं. आक्का आपल्या जागेवर बसल्या. आधी त्यांनी उघड्या पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "ह्यो लई वरडतो. समदं एकदम बोलतो, काय ऐकू?" समोरच्या काचेची चौकट धरायला आप्पांनी आधीच सुचवून बघितलं होतं, ती म्हणे आपल्याच तालात खडखडते. मग मी कव्हर परत धरलं, फोमची बाजू त्यांच्या हाताखाली. त्यांनी मान हलवली. "हितं कुणीच बोलत न्हाई." मग मी पात्याने हातभर रेक्झिन कापून फोम खरवडून काढला, खालचं नुसतं घासलेलं फायबर उघडं केलं आणि मधली रबरं काढून स्क्रू पिळले.

आक्कांनी तळवा ठेवला. बोटं पसरली. मग म्हणाल्या, "ह्यो. ह्योच व्हता."

"तुम्हाला नक्की काय कळतं, आक्का?" मी विचारलं.

"डोळं मिट आन् बस हितं."

आप्पांनी मला गावाच्या कडेने एक फेरी मारून आणलं. डोळे मिटून, तळवा फायबरवर ठेवून मी बसले. मला डांबर आणि कच्चा रस्ता एवढाच फरक कळला. बाकी नुसती थरथर. दुसऱ्याच वळणाला आपण डावीकडे चाललोय की उजवीकडे हेही कळेना. अवघ्या पाच मिनिटांत मी डोळे उघडले. आक्का असं आठ वर्षं बसत होत्या, आणि त्यांच्याशी जे एकच ठिकाण बोलायचं, त्याचं तोंड मी दुहेरी शिलाई मारून बंद केलं होतं.

आता खरी अडचण कामाची होती. रबरं काढली की हादरे थेट येणार आणि तडा आज ना उद्या पुन्हा जाणार. रबरं ठेवली तर डॅशबोर्ड माझ्यापेक्षा जास्त जगेल, पण मुका राहील. चांगला कारागीर टिकाऊ काम करतो, असं वडिलांनी मला शिकवलं होतं. मी आप्पांना स्पष्ट सांगितलं की वर्षा-दोन वर्षांनी हे पुन्हा फुटेल.

"फुटू दे की," आप्पा म्हणाले. "मी बी फुटलोय चार ठिकाणी. तू हाईस न्हवं भरायला?"

कव्हर घेऊन मी दौंडला परतले. उजवीकडचा भाग रेक्झिनचा ठेवला. आक्कांच्या समोरचा हातभर भाग उघडा केला, फायबरची कुसं हाताला लागू नयेत म्हणून पाणी लावून लावून घासला, कडा गोल केल्या, त्यावर रंगाचा एकच पातळ हात दिला. अर्धा डॅशबोर्ड गुबगुबीत आणि अर्धा बोडका. माझ्या दुकानातून बाहेर पडलेली ती सगळ्यात कुरूप वस्तू होती. बॅटरीवाल्याने विचारलं, "वहिनी, रेक्झिन संपलं व्हय?" मी म्हटलं, "हो." त्याला सगळं सांगत बसायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या सहा-सात वर्षांत मी तो तडा तीन वेळा भरला. प्रत्येक वेळी आप्पा येताना शेवंतीची परडी आणायचे आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, या फुटण्याचे आभार मानले पाहिजेत. त्या कामाने मला एक सवय लावली. त्यानंतर कुठलीही सीट, कुठलाही डॅशबोर्ड हातात घ्यायच्या आधी मी माणसाला गाडीत बसायला सांगायची आणि त्याचा हात, पाठ, गुडघा कुठं जातो ते बघायची. लोक म्हणायचे, बाई टाइमपास करतात. पण मणक्याच्या दुखण्याचे, एका हाताचे, अवघडलेल्या बायांना नेणारे असे ड्रायव्हर शिरूर-श्रीगोंद्याहून माझ्याकडे यायला लागले, ते त्या सवयीमुळे. माझ्या नावावर जे काही चांगलं जमा आहे, त्यातलं पुष्कळसं खुटबावच्या त्या अंगणात शिकलेलं आहे. आता आप्पा नाहीत, आक्काही नाहीत. त्यांची ती नात आता कॉलेजला जाते.

पण मला सांगायची आहे ती डॅशबोर्ड बसवल्यानंतरची पहिली फेरी. बारसं होऊन जवळजवळ महिना झाला होता. आप्पा म्हणाले, "तू बी चल. तुझं माहेर शिरूरच हाय, आईला भेटून ये." खरं कारण वेगळं होतं हे मला कळत होतं. पुन्हा काही झालं तर त्यांना सोबत कुणीतरी हवं होतं. मी मागे बसले, मांडीवर बाळाच्या कपड्यांचं गाठोडं.

आक्का चढल्या. पदर खोचला, उजवा तळवा त्या बोडक्या जागेवर ठेवला आणि गप्प बसल्या. आप्पांनी गाडी सुरू केली. गाव मागे पडलं. चौफुला आला, ट्रकांचे आवाज आले. मी मागून आक्कांच्या हाताकडे बघत होते. बोटं ताठ होती, पण हात जागचा हलला नाही. आप्पा आरशातून माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. कुणी काही विचारायची हिंमत करत नव्हतं. चौफुला मागे पडला, शिरूरचा रस्ता लागला, दोन्हीकडे ऊस. आक्का अजून गप्प. हे गप्प बसणं चांगलं की वाईट, ते कळायला काही मार्ग नव्हता. आप्पांनी मागं न बघता हळूच सांगितलं, "आधी समदा रस्ता मला वरडायची. महिना झाला, माझ्याशी अशीच गप असती. घरात बी." मी गाठोडं घट्ट धरलं.

पारगावचा पूल आला. पुलाचे जोड एकामागून एक चाकाखालून गेले. आक्कांची बोटं सैल झाली, अगदी थोडी. "नदी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

पूल संपला आणि चढ लागला. जीप मंदावली, इंजिन कण्हायला लागलं, सगळा डॅशबोर्ड थरथरला.

"अवो," आक्का एकदम खड्या आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्यात काय वडताय तिला? चढ लागला, कळंना व्हय? दुसरा टाका की! डोळं तुमचं हायत का माझं?"

आप्पांचा हात गिअरवरच होता. तो त्यांनी हलवला नाही. डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं मला आरशात दिसत होतं आणि जीप तिसऱ्यातच धापा टाकत चढत होती. त्यांना ते आणखी एकदा ऐकायचं होतं.